रुपयाचा समुद्र

मुंबईकरांनी १८९६ साली रुपया मोजून समुद्र पाहिला. ७ जुलैची तारीख, काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल आणि फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी धाडलेला मारियुस सेस्तिए नावाचा माणूस. गडी निघाला होता ऑस्ट्रेलियाला; वाटेत मुंबईत उतरला आणि या देशातला पहिला सिनेमा दाखवून गेला. सहा लहान लहान चित्रे होती, एकेक जेमतेम मिनिटभराचे. त्यांत एक समुद्रस्नानाचे. पोरे फळीवरून धावत येतात, पाण्यात उड्या टाकतात, वर चढतात, पुन्हा उड्या टाकतात. बस्स, एवढेच. हॉटेलातून बाहेर पडून थोडे चालले असते तर खरा समुद्र होता, तोही जुलैतला, आणि फुकट. तरी लोकांनी खिशातून रुपया काढून दिला.

तो रुपया नेमका कशाचा, हे आजवर एकाही मुंबईकराने मला पटेल असे सांगितलेले नाही. मुंबईकराला समुद्राचे अप्रूप नसते. आम्हाला असते.

मी अहिवाऱ्याचा. दुर्ग जिल्हा, भिलाईच्या उत्तरेला. गावाला लागून नंदिनीच्या खाणी, आणि तिथला चुनखडक भिलाईच्या पोलाद कारखान्यात जातो. वडील विदर्भातून खाणीत नोकरीला आले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी, असे आमचे बालपण. जवळचा म्हणावा असा समुद्र विशाखापट्टणमचा, तोसुद्धा रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे खाणीच्या वसाहतीतल्या झाडून साऱ्या पोरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पडद्यावरच. मैदानात दोन बांबू रोवून कापड ताणलेले असे. वारा आला की कापडाला पोट सुटे आणि त्या पोटावर नायक-नायिका जुहूच्या वाळूत पळत. यंत्रातून निघालेल्या उजेडाच्या पट्ट्यात खाणीची पांढरी धूळ उडताना दिसे. दिवसा हीच धूळ पानांवर, कौलांवर, आमच्या केसांवर गपचूप बसलेली असायची. ती हवेत एवढी आहे हे आम्हाला सिनेमाने दाखवले.

मुंबईला जाणे होई ते लग्नाकार्याला. या खेपेला जरा मोकळा होतो, म्हणून ठरवून पेडर रोडला गेलो. (पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला पेडर रोडच सांगावे लागते.) पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९ जानेवारी २०१९ रोजी ते उघडले. ते दोन भागांत आहे. एक गुलशन महल, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला बंगला. दुसरी शेजारची नवी, मजल्यामजल्यांची इमारत. नव्या इमारतीत गांधीजी आणि सिनेमा आहे, मुलांसाठी हात लावून पाहायच्या गोष्टी आहेत, तंत्राची भली मोठी मांडणी आहे. शाळांच्या सहली तिथे रमतात आणि रमाव्यातच. मला विचाराल तर संग्रहालय म्हणजे तो बंगला. एखाद्या लहान गावातले संग्रहालय असावे तेवढाच त्याचा जीव. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे, की वीसेक वर्षे पुढे गेलात. आवारातून बाहेर पडून उतार धरला की ब्रीच कँडीचा समुद्र.

आत शिरलो आणि सवयीने उजवीकडे वळलो. तिथल्या माणसाने हटकले. ‘काका, तिकडून नका जाऊ. आधी इकडे. नाहीतर बोलपट आधी होतो नि मूकपट मागून.’ दिवसातून कितीदा त्याला हे सांगावे लागत असेल कोण जाणे; पण सांगताना कंटाळा नव्हता.

पहिल्या दालनात सिनेमाच्या आधीचा सिनेमा आहे. चित्रे फिरवायची खेळणी, फटी पाडलेले डबे, जादूचे कंदील. आपल्याकडे हा कंदील कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९०च्या दशकात घडवला आणि त्याला शांबरिक खरोलिका असे भारदस्त नाव दिले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग. पौराणिक कथा सांगत त्यांचे खेळ गावोगाव फिरले. लुमिएरांच्या माणसाने मुंबईत पाय ठेवण्याआधी कल्याणचे एक कुटुंब अंधारात लोकांना बसवून भिंतीवर चित्रे हलवून दाखवत होते. हे आपण फार कमी वेळा सांगतो.

आता हे कंदील पेटायचे कशावर? वीज तर जवळपास कुठेच नव्हती. लहान खेळांना तेलाचा दिवा चाले. मोठ्या सभागृहांसाठी जगभर एक युक्ती होती. चुनकळीचा लहानसा गोळा घ्यायचा, त्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एकत्र ज्योत सोडायची. चुना वितळत नाही, जळत नाही; नुसता तापून पांढराशुभ्र प्रकाशतो. वीज नसलेल्या ठिकाणी सुरुवातीचा सिनेमाही पुष्कळदा याच उजेडावर दाखवला गेला. आमच्या गावात चुन्याचे नाव निघाले की फुप्फुस, धूळ, सुरुंग आणि पगार एवढेच डोळ्यांसमोर येते. त्याच्या तुकड्यावर माणसांनी पडद्यावर चित्रे पाहिली आहेत, हे वडिलांना सांगायला हवे होते. ते हसले असते आणि म्हणाले असते, मग रॉयल्टी कुठे आहे?

पुढच्या दालनात सेस्तिए आणि त्याची सहा चित्रे. समुद्रस्नानाचे चित्र दक्षिण फ्रान्सच्या ला सिओता या किनाऱ्यावरच्या गावातले. लुमिएर कुटुंबाची तिथे उन्हाळ्याला जायची मोठी वास्तू होती. त्या गावाने हा नातेसंबंध जपला आहे. तिथले ईडन हे जुने नाट्यगृह डागडुजी करून २०१३ मध्ये पुन्हा उघडले. वॉटसन हॉटेलच्या नशिबी तेवढे आले नाही. विलायतेहून लोखंडाचे सांगाडे जहाजाने आणून उभारलेली ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने अजून उभी आहे, पण मोडकळीला आलेली. भिलाईच्या माणसाने लोखंडाची एवढी जुनी इमारत गंजताना पाहणे म्हणजे जिवावरचेच.

सहांतले दुसरे चित्र आगगाडीचे. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून सोडून देतो. एवढेच नोंदवतो की ज्या रुळांवरून मी मुंबईला आलो तेही बहुधा भिलाईत घडवलेले असणार.

मी थबकलो तो तिसऱ्या चित्रापाशी: कारखाना सुटतो. फ्रान्सच्या ल्यों शहरात लुमिएरांचा फोटोच्या काचा बनवायचा कारखाना होता. त्याचे फाटक उघडते, बायका बाहेर येतात, मग पुरुष, एखादी सायकल, एक कुत्रे. पाऊण मिनिटात फाटक रिकामे. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, किंवा बघू नका असे सांगितलेले असावे, कारण कारखाना कॅमेरेवाल्यांचाच. जगात पैसे घेऊन लोकांना दाखवलेल्या पहिल्या चित्रांत हे एक होते.

हे दृश्य मला नवे नव्हते. पाळी सुटताना नंदिनीच्या फाटकाशी मी कितीदा उभा राहिलो असेन. वडील कोणत्या टोळक्यात आहेत ते हुडकत. पुढे रेजा, म्हणजे खाणीत काम करणाऱ्या बाया, डोक्याचे फडके झाडत, मागून सायकली, सगळे पांढरे, भुवयांपर्यंत पांढरे, त्यामुळे वडील ओळखायचे ते चालीवरून. ल्योंच्या त्या बायकांची नावे कुणाला ठाऊक नाहीत, पण त्या कशा चालत होत्या हे आजही कळते. आमच्या रेजांपैकी शेकडो जणी तीस तीस वर्षे त्या फाटकातून आल्या-गेल्या. त्यांच्या चालण्याचा पाऊण मिनिटाचा तुकडासुद्धा माझ्या माहितीत कुठे नाही. रुपयाचे उत्तर मला इथे थोडेफार लागले. त्या मुंबईकरांनी समुद्राचे पैसे दिले नव्हते. एकदा होऊन गेलेली लाट पुन्हा पाहता येते, याचे दिले होते.

पाहता येते, पण ती कुणीतरी ठेवली तर.

वॉटसनचा खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, सावे दादा. फोटोचा धंदा करणारे. त्यांनी विलायतेहून यंत्र मागवले आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये लावलेल्या कुस्तीचे चित्रण केले. आपल्या माणसाने काढलेला हा पहिला सिनेमा मानला जातो. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. संग्रहालयापासून हँगिंग गार्डन फार लांब नाही. तिथे जाऊन बसता येते, कुस्ती मात्र पाहता येत नाही. त्या फिती राहिल्या नाहीत.

मग फाळके. त्यांच्या दालनात गर्दी होती, आणि असावीच. ३ मे १९१३, गिरगावचे कॉरोनेशन थिएटर, ‘राजा हरिश्चंद्र’. ही तारीख पोरासोरांनाही पाठ आहे. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, लंडनला जाऊन यंत्रे आणली, वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून भांडवलदाराला भुरळ घातली, तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. हे सारे सांगून झाले आहे. मी दुसऱ्याच हिशोबात अडकलो.

फाळक्यांकडे येणारी कोरी फिल्म बिनभोकांची असे. कडेची भोके घरी, अंधारात, यंत्रावर पाडायची, आणि हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात सोळा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही अंगांना चार चार भोके. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट सांगतात. गुणाकार करा: चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भोके. ही फक्त पडद्यावर आलेल्या लांबीची. वाया गेलेली, पुन्हा घेतलेली दृश्ये आणि दाखवायची प्रत यांची वेगळी. यंत्र एका दाबात एकाहून जास्त भोके पाडत असेल, तरी दांडा फिरवणारा हात एकच. शिवाय दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक याच बाईंकडे. भोक केसाएवढे चुकले तर चित्र पडद्यावर थरथरते. चित्रपटसृष्टीचे जनक आपण एका माणसाला म्हणतो. म्हणावे. पण चित्र स्थिर ठेवले ते कुणी, हेही त्याच पाटीवर त्याच अक्षरात असावे, असे माझे मत आहे.

एवढे करून त्या चित्रपटाची आज सलग प्रत नाही. दोन रिळे आहेत, आणि ती तरी मूळची की फाळक्यांनी पुढे पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर जाणकार भांडतात. देशात तेराशेच्या वर मूकपट झाले. पूर्ण म्हणता येतील असे बोटांवर मोजण्याइतके उरले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, लोकांनी तिकिटासाठी झोंबाझोंबी केली. त्याची एकही प्रत सापडत नाही. छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत. ज्याने भारतीय सिनेमाला आवाज दिला त्याचाच आवाज गेला.

हे का झाले, याचे उत्तर अहिवाऱ्याच्या माणसाला चटकन कळते, कारण आमचे सगळे आयुष्य वितळवण्याशी बांधलेले. नंदिनीचा चुना भट्टीत पडतो तो लोखंडातली घाण ओढून घ्यायला. चांगले ते खाली, मळी वर. सिनेमाच्या फितीचे उलटे झाले. फितीवरचे काळेपांढरे चित्र चांदीच्या कणांचे असते. खेळ संपले, प्रत झिजली, की मालकाला ती अडगळ. मग तराजूवर घालून विकायची. घेणारा चित्र धुऊन टाकणार आणि चांदी काढून घेणार. मळी म्हणून गेले ते चित्र. त्यात जुनी फीत नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट राख झाले. दोष कुणाकुणाला देणार? मालकाला गुदामाचे भाडे दिसत होते, चांदी दिसत होती. चित्रपट कलाकृती आहे म्हणून कधीच टिकला नाही. जो टिकला तो कुणीतरी हट्टाने साठवला म्हणून.

तो हट्टी माणूस बहुतेक वेळा एकच असतो: पी. के. नायर. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले आणि ते नायरांनी उभे केले. केरळात लहानपणी सिनेमाच्या तिकिटांचे फाटके तुकडे जपून ठेवणारा हा पोरगा. मोठेपणी तेच केले, फक्त तुकडे मोठे होते. फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या रिळांतून त्यांनी ‘कालिया मर्दन’ उभा केला. १९१९ चा चित्रपट, कृष्ण झाली आहे फाळक्यांची चिमुकली लेक मंदाकिनी. ती पोर पडद्यावर आजही हसते आहे, ते नायर गावोगाव डबे उघडत फिरले म्हणून. त्यांना चांगले-वाईट निवडायची घाई नव्हती. आधी ठेवा, पारख मागून. मला हे फार मोलाचे वाटते, कारण समीक्षकाच्या हाती किल्ली असती तर निम्मे कपाट रिकामे राहिले असते.

बंगल्यातून नव्या इमारतीत गेलो तेव्हा प्रांतोप्रांतींच्या सिनेमाचे दालन पाहिले आणि मनातल्या मनात आमच्या बाजूची यादी जुळवू लागलो. किशोर साहू १९१५ साली दुर्गात जन्मले, राजनांदगावात वाढले, नागपुरात शिकले, बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणींसमोर नायक झाले. १९४८ च्या त्यांच्या ‘नदिया के पार’मध्ये दिलीपकुमार आहे आणि संवादांत छत्तीसगढी आहे. मनु नायक यांनी १९६५ मध्ये ‘कहि देबे संदेस’ काढला, तो पहिला छत्तीसगढी चित्रपट. विषय जातीपलीकडच्या प्रेमाचा, त्यामुळे वादही झाला. त्यात महंमद रफींनीही गाणी गायली. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्गती’ छत्तीसगढच्या खेड्यांत चित्रित झाला. त्यातला गोंड राजनांदगावच्या लोककलावंत भय्यालाल हेडाऊ यांनी केला. अमित मसुरकरचा ‘न्यूटन’ (२०१७) दल्ली राजहऱ्याच्या परिसरात चित्रित झाला. भिलाईचे लोहखनिज तिथून येत आले. आणि दिग्दर्शक अनुराग बसू तर भिलाईचाच पोरगा.

या नावांची काळजी नाही. ती पुस्तकांत आली, येत राहतील. काळजी दुसऱ्यांची आहे. आमच्याकडे सिनेमा दाखवायला येणारा ऑपरेटर होता. डोळ्यांवर काळी काच धरून कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी सांभाळायचा. कांड्या जळत जळत आखूड होत. त्यांतले अंतर वाढले की पडदा पिवळा पडे आणि पोरे शिट्ट्या मारत. उरलेले तुकडे तो आम्हाला देई. वर तांब्याचा पातळ मुलामा, आत काळा कार्बन. जमिनीवर रेघ फार सुरेख उठे. तुटलेल्या फिल्मचे तुकडेही देई. बंद पडलेल्या बल्बमधले सगळे काढून पाणी भरायचे, आरशाने ऊन आत घ्यायचे, मध्ये फिल्म धरायची. घराच्या काळोख्या भिंतीवर नायक उलटा उभा राही. त्याला सुलटा करायला फिल्म उलटी धरावी लागते, हा शोध प्रत्येक पोराला स्वतःच लागायचा. त्या ऑपरेटरचे पुढे काय झाले ते कळले नाही. आमच्या भागातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजची दोन यंत्रे मात्र कुठे गेली ते ठाऊक आहे. किलोच्या भावाने गेली. पोलादाच्या गावात भंगार फार दिवस पडून राहत नाही. त्याला गिऱ्हाईक दारात असते.

मुंबईचे संग्रहालय आमचे टॉकीज ठेवणार नाही, आणि तशी अपेक्षा करणे बरोबरही नाही. देशभरचे सगळे तिथे आणून घातले तर त्या बंगल्यात माणसाला पाय ठेवायला जागा उरणार नाही. दुर्गचे दुर्गात, भिलाईचे भिलाईत, अहिवाऱ्याचे अहिवाऱ्यात राहायला हवे. त्याला १९ व्या शतकातला बंगला लागत नाही. भिलाईत आणि आसपास मराठी मंडळींच्या संस्था आहेत, ग्रंथालये आहेत, गणेशोत्सवाच्या मांडवात सिनेमा दाखवण्याची जुनी रीत आहे. एखाद्या संस्थेचे कुलपाचे एक कपाट आणि ते उघडायला-झाकायला एक चिवट माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

तेव्हा दुर्ग-भिलाईच्या वाचकांना सांगणे असे. घरात, माळ्यावर, बंद टॉकीजच्या मागच्या खोलीत सिनेमाचे काही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. तिकिटाचे तुकडे, हँडबिले, मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा, कार्बनच्या कांड्या, ऑपरेटरची वही, खाणीच्या फाटकावर कुणी हौसेने काढलेले चार फोटो, काहीही चालेल. त्यावर गाव, साल आणि आठवत असतील ती माणसांची नावे पेन्सिलीने लिहा. शाई नको, ती कागदाच्या पाठीमागून उमटते. फिल्मचा जुना डबा सापडला आणि उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो ट्रंकेत पुन्हा कोंबू नका. फीत कुजू लागली आहे, थंड आणि हवेशीर जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आणि मुंबईला गेलात तर पेडर रोडला जरूर जा. सोमवारी बंद असते.